अंदमानची सहल आखताना आधी तिथी बघा

दरवर्षी मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पेपरात बातमी येते : ‘मान्सून अंदमानात दाखल’. ती वाचून आपण माळ्यावरच्या छत्र्या खाली काढतो. अंदमानला जायचं ज्याच्या मनात आहे, त्यानं मात्र ही बातमी कापून तिकिटांच्या फायलीला टाचून ठेवावी. मुलांना सुट्टी लागून जरा कुठे निवांत झालो म्हणेपर्यंत तिथला समुद्र फिरलेला असतो.

मग दिवाळीची सुट्टी बरी, असं मलाही वाटलं होतं. २०१९ साली आम्ही नऊ जणं गेलो. आम्ही चौघं, दीर-जाऊ, त्यांची दोन मुलं आणि सासूबाई. आपल्याकडे दसऱ्यानंतर पाऊस गेला म्हणायची पद्धत आहे (आताशा तोही ऐकत नाही, ते सोडा). तिथे तसं चालत नाही. नैर्ऋत्य मान्सून आवरला की ईशान्य मान्सून हजर, शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबर हे बंगालच्या उपसागरातल्या वादळांचे महिने. हॅवलॉक बेटावर सलग दोन दिवस बोटी बंद. पुतण्यानं व्हरांड्यात बसून पत्त्यांचा जोड पिसून पिसून मऊ केला, आणि मी परतीचं विमान चुकतंय की काय म्हणून फोनला चिकटून. नऊ जणांची तिकिटं होती हो!

तेव्हा पहिला नियम महिन्याचा. जानेवारी ते एप्रिलचा मध्य. त्यातही फेब्रुवारी आणि मार्च, कारण समुद्र शांत आणि पाण्याखालचं स्वच्छ दिसतं. शाळा बुडते. बुडू दे. आम्ही २०२४ च्या फेब्रुवारीत लेकीची आठवीची शाळा आठ दिवस बुडवली, तिच्या वर्गशिक्षिकेनं चिठ्ठीवर काही विचारलं नाही, फक्त ‘फोटो दाखव’ म्हणाल्या.

महिना ठरला की लोक लगेच विमानाच्या तिकिटांच्या मागे लागतात. थांबा. आधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा. या मुद्द्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सहल कंपन्यांच्या छापील कार्यक्रमात हे कुठेही नसतं.

माझं माहेर हर्णैजवळचं. आजोबांनी आम्हा नातवंडांना भरतीचं गणित पाढ्यात शिकवलं होतं. तिथीची पाऊणकी करायची, की भरती किती वाजता ते कळतं. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनला भरती. त्याच्या सहा तास मागेपुढे ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमी-नवमीला भांग, म्हणजे चढ-उतार बेताचा. हे मला इतकं पाठ आहे की २०१९ ला नील बेटावर मी मोठ्या रुबाबात सगळ्यांना सांगितलं, आज चतुर्थी आहे, नऊला पूर्ण ओहोटी, नऊला निघू. तिथे लक्ष्मणपूर २ नावाचा किनारा आहे. त्याच्या टोकाला लाटांनी कोरलेली दगडी कमान आहे आणि तिच्यापर्यंत खडकांतून चालत जावं लागतं, ते ओहोटीतच जमतं. आम्ही नऊला पोचलो तर पाणी गुडघ्याला आणि वर चढतंय. तिथला वाटाड्या पोरगा म्हणाला, सातला यायला हवं होतं. जाऊबाई काही बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीत तेव्हाच जास्त बोलतात.

आजोबांचं गणित चुकलं नव्हतं, ते हर्णैच्या बंदराचं होतं. प्रत्येक किनाऱ्याची वेळ वेगळी. अंदमानात पाऊणकीच्या उत्तरातून साधारण दोन तास वजा करा, म्हणजे अंदाजापुरतं भागतं. नक्की वेळेसाठी पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं कोष्टक फोनवर सहज मिळतं. त्यातल्या ज्या दिवशी तुम्ही तिथे असाल त्या आठ दिवसांच्या वेळा कागदावर उतरवून घ्या आणि कार्यक्रम त्या कागदावरून करा.

का, तर तिथले अर्धे किनारे ठराविक वेळेलाच किनारे असतात. हॅवलॉकचा विजयनगर किनारा भरतीला हिरवानिळा, आरशासारखा. तोच ओहोटीला मृत प्रवाळाच्या खडकांचं शेत. पायाला कापतं, पोहता येत नाही. काला पत्थरचंही थोडंफार तसंच. नीलच्या भरतपूरला तळाला काच असलेल्या बोटींतून प्रवाळ दाखवतात, तिथेही पाणी पुरेसं हवं. हॅवलॉकचा राधानगर तेवढा कुठल्याही वेळेला चांगला. सगळी मऊ वाळू, खडक नाहीत, ओहोटीला फक्त रुंद होतो. ‘टाइम’ मासिकानं २००४ साली त्याला आशियातला सर्वांत सुंदर किनारा म्हटलं होतं आणि २०२० मध्ये त्याला ब्लू फ्लॅग हे स्वच्छ किनाऱ्याचं मानांकन मिळालं. हे दोन्ही तुम्हाला प्रत्येक टॅक्सीवाला सांगेल.

अमावास्येच्या आसपास आणखी एक गोष्ट साधते. हॅवलॉकच्या पाण्यात अंधाऱ्या रात्री चमकणारे सूक्ष्म जीव दिसतात. पाणी हललं की निळा उजेड होतो. चंद्र असेल तर दिसणं कठीण. लेक आणि नवरा रात्री खारफुटीतून कयाक वल्हवत गेले होते, माणशी तीनेक हजार मोजून. सासूबाई आणि मी राहत होतो त्या जागेच्या मागच्या किनाऱ्यावर काठीनं पाणी ढवळत बसलो. फुकट. काठीच्या टोकामागे निळी रेघ उमटायची आणि विझायची. सासूबाईंनी चप्पल काढून पाय घातला, घोट्याभोवती ठिणग्या झाल्या, तसा त्यांनी पाय पटकन बाहेर घेतला, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा घातला. त्या वेळी त्या ७३ वर्षांच्या होत्या.

तर आमचा २०२४ चा आराखडा असा होता. पौष अमावास्या ९ फेब्रुवारीला होती. ती मधोमध धरून आम्ही ५ ला पोचलो. पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, पुढच्या तीन रात्री हॅवलॉक, म्हणजे अंधाराच्या रात्री तिथे. अमावास्येला सकाळच्या बोटीनं नील, कारण त्या दिवशी ओहोटी दुपारी साडेतीन-चारला येते आणि दगडी कमान उजेडात बघून होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या भरतीला भरतपूर. मग परत पोर्ट ब्लेअर, एक रात्र राखीव, १२ ला विमान. सात रात्री. पाच रात्रींत बसवतो म्हणणारे भेटतील, त्यांना नमस्कार करा.

ती शेवटची राखीव रात्र सोडू नका. बोट रद्द झाली तर तीच वाचवते. बेटावरून सकाळी निघून त्याच दिवशी विमान पकडण्याचा हिशेब कधीही करायचा नाही, समुद्र कितीही शांत दिसला तरी.

नावांचा घोळ आधीच निस्तरून घ्या. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप आणि रॉस बेटाचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजय पुरम झालं. तिकिटावर एक नाव, हॉटेलच्या पत्त्यात दुसरं, आणि रिक्षावाल्याच्या तोंडी जुनंच. बोटीची तिकिटं काढताना दोन्ही नावं माहीत असली की घाबरायला होत नाही. मी इथे जुनी नावं लिहितेय ती सवयीनं.

आता तिकिटं. क्रम विमान, बोट, राहणं असाच ठेवा. मुंबईहून बहुतेक वेळा चेन्नई, कोलकाता किंवा बंगळूर असं करत जावं लागतं. रात्री निघून सकाळी तिथे उतरणारं जोडविमान घ्या, पूर्ण दिवस हाताला लागतो. चेन्नई-कोलकात्याहून जहाजही जातं, तीन-चार दिवस लागतात. वेळ आणि पोट दोन्ही खंबीर असेल तर जा.

पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक खासगी बोटीनं दीड तास, सरकारी बोटीनं दोन-अडीच. सरकारी स्वस्त, पण जागा लवकर संपतात. खासगी बोटीला आम्हाला दर टप्प्याला माणशी बाराशे ते अठराशे पडले. खासगी बोटी बंद काचेच्या आणि थंडगार, डेकवर उभं राहायला मिळतंच असं नाही, त्यामुळे मळमळणाऱ्यांना त्याच जास्त लागतात. लेकीला बोट लागते. निघायच्या अर्धा तास आधी ॲव्होमीन, खिशात आवळासुपारी, आणि मधल्या रांगेत मागची जागा. पुढच्या टोकाला बसलं की प्रत्येक लाटेला पोट वर जातं. आधार कार्डाची छापील प्रतही जवळ ठेवा. धक्क्यावर फोनला रेंज नसली की फोनमधला फोटो काय कामाचा?

राहण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. हॅवलॉकला विजयनगर-गोविंदनगरच्या बाजूला राहा, दुकानं आणि खाणावळी तिथेच आहेत. राधानगर तिथून बारा किलोमीटरच्या आत, स्कूटर भाड्यानं मिळते, आम्ही दिवसाला पाचशे दिले. नीलला कुठेही राहा, बेटच एवढंसं आहे की सायकलवर संपतं.

घड्याळाबद्दल मात्र सांगायला हवं. अंदमानात वेळ आपलीच, भारतीय प्रमाणवेळ. पण बेटं आपल्यापेक्षा वीस रेखांश पूर्वेला. एका अंशाला चार मिनिटं धरली तर ऐंशी मिनिटं. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो, फेब्रुवारीत साडेपाचच्या आत. २०१९ ला आम्ही ठाण्याच्या सवयीनं जेवून, वामकुक्षी करून साडेचारला राधानगरला पोचलो. पाण्यात उतरतोय तोच जीवरक्षकांच्या शिट्ट्या, बाहेर या. सूर्यास्त बघितला तो ओल्या कपड्यांत कुडकुडत. त्यामुळे तिथे दिवस पाचला सुरू करा. साडेपाच-पावणेसहाला उजाडलेलं असतं, ऊन कोवळं असतं आणि किनाऱ्यावर फक्त कुत्री असतात. साडेअकरापर्यंत पाण्यातलं सगळं उरका, दुपारी झोपा, तीनला पुन्हा बाहेर. रात्री नऊला बेट गुडुप.

पाण्याखाली जायचं असेल तर पोहता यायला हवं असं नाही. पहिल्यांदाच करणाऱ्याला प्रशिक्षक पाठीमागून धरून नेतो, बारा मीटरच्या आतच. वय किमान दहा. दमा, कानाची तक्रार किंवा नुसती सर्दी असली तरी आधी सांगा. सर्दीत कान मोकळा होत नाही आणि दुखतो तो असा की वर येईपर्यंत दुसरं काही सुचत नाही. नवऱ्यानं सर्दी लपवली होती. तीन मीटरवरून परत. चार हजार पाण्यात, शब्दशः. लेक मात्र अर्धा तास खाली होती. वर आल्यावर तिला एवढंच सांगायचं होतं की पोपटमासा प्रवाळ कुरतडतो त्याचा आवाज ऐकू येतो, कुरमुरे चावल्यासारखा.

आणि हे लक्षात ठेवा : डायव्हिंगनंतर लगेच विमानात बसायचं नाही. एक डाइव्ह केली तर किमान बारा तास, एकाहून जास्त केल्या तर अठरा. शरीरात विरघळलेला नायट्रोजन विमानातल्या कमी दाबात बुडबुडे धरतो. म्हणून डायव्हिंग सहलीच्या सुरुवातीला घाला, शेवटच्या दिवशी नाही.

वरवर पोहत प्रवाळ बघायला एलिफंट बीच चांगला. हॅवलॉकच्या धक्क्यावरून बोट जाते, नाहीतर जंगलातून पाऊण तास चालायचं. सकाळी पहिल्या बोटीनं जा, दहानंतर जत्रा भरते. प्रवाळावर उभं राहू नका. तो दगड दिसला तरी जिवंत आहे, आणि हाताला धरून नेणारी पोरंच कधी कधी ‘इथे उभे राहा, फोटो काढतो’ म्हणतात. नाही म्हणायचं.

मगरींच्या पाट्या खऱ्या असतात. खाऱ्या पाण्यातल्या मगरी तिथे आहेत. राधानगरशेजारच्या नील्स कोव्हमध्ये २०१० साली मगरीनं एका पर्यटक बाईंचा जीव घेतला. पाटी किंवा जाळी दिसेल तिथे तिचं ऐका, खाडीच्या तोंडाशी आणि खारफुटीजवळ पाण्यात उतरू नका. तेवढं पाळलं की घाबरायचं कारण नाही.

पोर्ट ब्लेअरचा पहिला दिवस सेल्युलर जेलचा. आपल्यातले निम्मे लोक त्यासाठीच जातात, सासूबाईही. पण समुद्राच्या मौजेत तो मध्येच कोंबू नका, आधीच घ्या. मूळच्या सात पाकळ्यांपैकी तीन उरल्यात. कोठडी साडेतेरा फूट लांब, साडेसात रुंद. विनायकराव सावरकर १९११ ते १९२१ तिथे होते. त्यांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर अगदी टोकाला, खाली फाशीघर. थोरले बंधू बाबाराव त्याच तुरुंगात. जिने चढायचे आहेत, तेव्हा वयस्कर माणसं बरोबर असतील तर सकाळी जा आणि मध्ये थांबत जा. सासूबाई कोठडीत एकट्या उभ्या राहिल्या, बाहेर आल्या, आणि त्यानंतर जेवेपर्यंत बोलल्या नाहीत. संध्याकाळी ध्वनी-प्रकाशाचा कार्यक्रम असतो, त्यात आवारातला पिंपळ कहाणी सांगतो. तिकीट आधी काढा.

जेलच्या समोरच रॉस. १९४१ च्या भूकंपापर्यंत इंग्रजांचा कारभार तिथून चालायचा, आता भिंतींना वडा-पिंपळाच्या मुळ्यांनी मिठी मारलीय आणि मधून हरणं फिरतात. बघाच. नॉर्थ बेचा किनारा वगळलात तरी चालेल. जुन्या तांबड्या वीसच्या नोटेमागे जी नारळाची झाडं आणि समुद्र होता ना, तो त्याच बाजूचा देखावा. नव्या नोटेवर आपलं वेरूळ आलं, त्यामुळे हिशेब फिटला असं दीर म्हणतात.

बाराटांगला मी जात नाही आणि जा म्हणणार नाही. चुनखडीच्या गुहा आहेत तिथे, पण रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ताफ्यानं सोडतात, थांबायला आणि फोटो काढायला बंदी. सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये तो रस्ता बंद करायला सांगितलं होतं. तरी टॅक्सीवाले ‘दिसतील हं, नक्की दिसतील’ म्हणत गिऱ्हाईक भरतात. माणसं बघायला तिकीट काढून जायचं, मला ते जमत नाही.

खाण्याची चिंता करू नका. हॅवलॉक-नीलवर वस्ती मुख्यतः फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्यांची, त्यामुळे भात, डाळ, मासे ठायीठायी. बाजारात तांबोशी आणि सुरमई बघून मी माहेरी आल्यासारखी हरखले, पण रश्शात मोहरीचं तेल निघालं. दोन दिवसांत सवय होते. सासूबाई शाकाहारी, त्यांचं नीलवर उत्तम जमलं, भाज्या तिथेच पिकतात. भडंग आणि मेतकूट मात्र घरून न्यावं, बोट उशिरा सुटली की धक्क्यावर बिस्किटांखेरीज काही मिळत नाही. रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढून घ्या. समुद्राखालून २०२० मध्ये केबल आल्यापासून इंटरनेट सुधारलंय, पण छोट्या बेटांवर ते कधी रुसेल सांगता येत नाही आणि मग नारळवाल्यासमोर फोन हलवत उभं राहावं लागतं.

चौघांचा सगळा खर्च एक लाख पासष्ट हजारांच्या घरात गेला, त्यात विमानाचेच अडुसष्ट हजार. बचत करायची तर विमानात करा, तीन-चार महिने आधी तिकीट काढून. बोटीत करू नका.

बॅगेत लांब बाह्यांचा पोहायचा टी-शर्ट हवा, पाठ भाजते ती पोहताना, लक्षातही येत नाही. रबरी बूट, कारण प्रवाळानं कापलेलं लवकर भरत नाही. आणि खोबरेल तेल. संध्याकाळी किनाऱ्यावर बारीक वाळूमाश्या चावतात, दिसत नाहीत, रात्री मात्र पाय खाजवून जीव जातो. चामडीला खोबरेल चोपडलं की बऱ्याच आवरतात. पुतण्याचे पाय आठवडाभर गोवर आल्यासारखे होते.

परतीच्या सामानात शंख, शिंपले, प्रवाळाचा तुकडा काहीही ठेवू नका, किनाऱ्यावर पडलेलाही नाही. वन्यजीव कायद्याखाली प्रवाळ नेणं गुन्हा आहे आणि विमानतळावर बॅगा त्यासाठी तपासतात. २०१९ ला आमच्या ओळीत एका पिवळ्या बॅगेतून मोज्यांची जोडी बाहेर काढली गेली. मोजे गच्च भरलेले. अधिकाऱ्यानं एक उलटा केला, टेबलावर पांढरे तुकडे ओघळले. बॅग कोणाची म्हणून विचारलं तर पुतण्या छताकडे बघत होता, आणि जाऊबाई माझ्याकडे.